आठ घरं माहेरची, एक सासरचं

ठाकूरद्वार, गिरगाव
सोमवार, दुपारच्या चहाच्या आधी

तीर्थस्वरूप ताईस,

लतिकाचा साष्टांग नमस्कार. (खरोखर जमिनीवर घालायचा तर गुडघे परवानगी देत नाहीत, आणि घातलाच तर उठवायला रमाकांतला हाक मारावी लागेल, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घे.) तब्येत कशी आहे असं विचारत नाही, कारण ते मनवा मला फोनवर रोज सांगते. उजव्या हातात अजून ताकद आलेली नाही, पण जीभ पूर्ववत झाली आहे आणि डावा हात तर पूर्वीपेक्षाही तेज झाला आहे, असं कळलं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या त्या विनीतचा चष्मा तू पिवळा चेंडू मारून पाडलास म्हणे. उन्मेष म्हणतो आईच्या हातून चुकून झालं, मनवा म्हणते चुकून नाही. मी सुनेच्या बाजूने आहे.

मी दोनदा शीवला येऊन गेले. दोन्ही वेळा तू झोपलेली होतीस, तेही भर सकाळी अकरा वाजता. ताई, तुला कावीळ झाली होती तेव्हासुद्धा तू सकाळी अकराला झोपली नव्हतीस, आईला वरणाला फोडणी कशी द्यायची ते पलंगावरून सांगत होतीस. दुसऱ्या खेपेला तर तुझ्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला, आणि झोपलेलं माणूस इतकं रागावून खोकत नाही. मनवा बिचारी पाण्याचा ग्लास धरून माझ्यापुढे उभी. म्हणाली, "मावशी, त्यांना कुणी आपल्याला असं बघितलेलं नको वाटतं." मी कुणी नाही, बहीण आहे, असं तोंडावर आलं होतं. पण पाणी प्यायले, डिंकाचे लाडू टेबलावर ठेवले आणि लिफ्टने खाली आले. तू फोन घेत नाहीस, दार उघडत नाहीस, तेव्हा आता पोस्टमन उरला, तोही स्पीड पोस्टचा. तुझ्या डोळ्यांपुढे अक्षरं अजून हलतात, म्हणून हे मनवा वाचून दाखवेल. (मनवा बाळ, जिथे कंस येईल तिथे आवाज जरा खाली घे. ताईला कंस आवडत नाहीत. तिच्या मते जे सांगायचं ते सरळ सांगावं, नाहीतर गिळावं.)

तर सरळ सांगते. मी ब्लूज पियानो शिकते आहे. तेसुद्धा पुस्तकात बघून नाही, आयत्या वेळी मनाने वाजवायला.

आता तू उशीवरून मान वळवून मनवाला विचारलं असशील की ब्लूज म्हणजे काय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी आपलं दुःख सांगण्यासाठी काढलेलं गाणं, असं मीही समजत होते. माझे मास्तर म्हणतात की दुःख सांगण्यासाठी नाही, दुःखाला थोडं चालवून आणण्यासाठी. बसून राहिलं की ते जड होतं. हे मास्तर म्हणजे खोताच्या वाडीतले लॅन्सी घोन्साल्विस. वय अठ्ठ्याहत्तर, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, तरुणपणी हॉटेलांतल्या बँडमध्ये पियानो वाजवायचे. आता सकाळी व्हरांड्यात बसून बोंबील निवडतात आणि संध्याकाळी शिकवतात. बोलणं त्यांच्या घरच्या मराठीत, मध्ये इंग्रजी पेरलेलं. मला 'बाय' म्हणतात, पोरीला म्हणावं तसं. या वयात मला बाय म्हणणारं माणूस आता वाडीत हे एकच उरलं आहे, त्यामुळे मी फी देते ती निम्मी त्या हाकेसाठीच देते.

बाबांचा पियानो माझ्याकडे आहे हे तुला माहीत आहेच. (नुसता आहे, असं तू मागे म्हणाली होतीस. "त्यावर फोटो ठेवायला चांगला आहे." मला लागलं होतं, पण खरं होतं.) पावसाळ्यानंतर त्याच्या तीन पट्ट्या दाबल्या की दबूनच राहायला लागल्या. जुना दुरुस्तीवाला गावी गेलेला, म्हणून कुणीतरी लॅन्सी मास्तरांचं नाव सांगितलं. ते आले, पट्ट्या सोडवल्या, आणि जाताना म्हणाले, वाजवून दाखव काहीतरी. मी लगेच चष्मा लावला, पाचव्या परीक्षेचं पुस्तक उघडलं, पाठ ताठ केली आणि ते मिन्युएट वाजवलं. तुला आठवतं ना, सिस्टर बेनेडिक्टा आपल्या मनगटावर नाणं ठेवायच्या, ते पडलं तर धडा पहिल्यापासून. आजही मी वाजवते तेव्हा मनगटावर नाणं असतं. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या हाताखालून पुस्तक काढलं, खुर्चीवर ठेवलं आणि त्याच्यावर बसले.

"आता वाजव."

"काय वाजवू?"

"ते मना काय विचारतंस? वाजवणार तू हाय ना?"

ताई, मी एका मिनिटात घामाघूम. समोर अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, आणि कुठली दाबावी हे सांगणारं कुणी नाही. मला एकदम वाटलं की जन्मात मला असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शाळेत सिस्टर सांगायच्या, घरी आई सांगायची, मग सासूबाई, मग ऑफिसात साहेब, आणि मधल्या मोकळ्या वेळात तू. (मनवा, हे जरा मोठ्याने वाच.) शेवटी मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सांगितलं की मला येत नाही. ते म्हणाले, "झकास. बुधवारी चार वाजता ये."

पहिल्या बुधवारी त्यांनी मला सहा सूर दिले. फक्त सहा. म्हणाले, उजवा हात याच्या बाहेर गेला नाही म्हणजे भांडण होणार नाही. मी वाजवून पाहिले आणि ओरडलेच. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. अगं, हा आईचा धानी! स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना गुणगुणायची तो. फक्त त्यात दोन मध्यमांपैकी दुसरा, तीव्र, शुद्ध मध्यमाला अगदी चिकटून आगंतुकासारखा बसलेला. आई असती तर म्हणाली असती, हा कोण आणलाय, याला बाहेर बसवा. मी मास्तरांना तसं म्हटलं, तर ते हसून म्हणाले की सगळी गंमत त्याच्यातच आहे, पण त्या सुरावर घर बांधायचं नाही. शेजारी वाटीभर साखर मागायला जावं तसं जायचं आणि लगेच परत यायचं. मी गेले आणि परत आले. पुन्हा गेले. अंगात जुन्या दुखण्याची हलकी कळ यावी आणि ती हवीशी वाटावी, तसं काहीतरी झालं. घरी येऊन तेच वाजवत बसले, तर रमाकांत आतून म्हणाला, "हे काय चाललंय? चुकतंय की बरोबर आहे?" मी म्हटलं, दोन्ही.

इथपर्यंत ठीक होतं. मग मास्तरांनी सांगितलं की ब्लूज बाराचा असतो. बारा म्हटल्यावर आपल्या घरच्या माणसाला दुसरं काय आठवणार? मी म्हटलं, समजलं, एकताल. आणि मोठ्या आत्मविश्वासाने बारा मात्रा मोजत सुरुवात केली, समेवर आले, मान झटकून थांबले आणि दाद मिळेल म्हणून वर पाहिलं. मास्तर डाव्या हाताने वाजवतच होते. त्यांचे ते बारा म्हणजे मात्रा नव्हेत, बारा खण, आणि एकेका खणात चार मात्रा. मी समेवर पोचले तेव्हा ते तिसराच खण संपवत होते. पुढच्या खेपेला मी ठरवलं की घाई करायची नाही, आधी आलाप करू. सा लावला. तो घोळवला. कोमल गंधाराकडे नुसतं बघितलं, गेले नाही. पुन्हा सा. मास्तरांनी वाजवणं थांबवलं आणि चहा ठेवायला उठले. "बाय," ते आतून म्हणाले, "माझी बारा घरं फिरून झाली, तू अजून पायरीवर चपला काढतंस."

मग त्यांनी ती बारा घरं (खणांनाच ते घरं म्हणतात) नीट समजावून दिली, आणि ती मला तुलाही सांगायची आहेत, कारण इतकं सोपं संगीत मला आजवर कुणी शिकवलं नाही. डावा हात वाडीतून चालत जातो. पहिली चार घरं माहेरची. मग दोन घरं मावशीची. मग परत दोन माहेरची. मग एक सासरचं, तिथून निघाल्यावर वाटेत एक मावशीचं, आणि शेवटची दोन पुन्हा माहेरची. डावा हात घर बदलतो, उजवा हात तेच सहा सूर घेऊन त्याच्याबरोबर फिरतो, आणि तोच सूर मावशीकडे वेगळा वाटतो, सासरी तर फारच वेगळा. मी हिशेब केला. बारांत आठ घरं माहेरची, तीन मावशीची आणि सासरचं फक्त एक. ताई, बाईच्या जातीला इतका उदार कायदा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. मास्तरांना म्हटलं तर ते म्हणाले की म्हणून तर त्या एका घरात एवढी रडारड असते.

त्यानंतरचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. पुढच्या बुधवारी मनाने वाजवायचं होतं. मी कॉन्व्हेंटची मुलगी, तयारी न करता वर्गात कशी जाणार? आठवडाभर घरी बसून एक छानसं बारा घरांचं 'मनाने' बसवलं, उजव्या हाताचं, रोज सकाळ-संध्याकाळ घोकून पाठ केलं. मध्ये एके ठिकाणी बोट घसरल्यासारखं करायचं, म्हणजे खरं वाटेल, तेही पाठ केलं. बुधवारी मास्तरांनी डाव्या हाताची घरं वाजवायला घेतली आणि मी वाजवलं. मास्तर खूश. नूपुर म्हणून एक कॉलेजची मुलगी तिथे शिकायला येते, तिने टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, आणखी एकदा. मी आणखी एकदा वाजवलं. बोट त्याच ठिकाणी घसरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, पुन्हा. पुन्हा घसरलं. नूपुर एवढी हसली की तिला व्हरांड्यात जावं लागलं. "आंटी, तुम्ही चूकसुद्धा पाठ केली!"

मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, चुकायची एवढी भीती कुणी घातली? मला नाव घेता येईना, कारण एकाचं नाव नव्हतं. आपल्या शाळेत स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिलं की मार्क जायचे, आणि आपण दोघी मार्क न घालवणाऱ्या होतो. मास्तर म्हणाले, सहा सूर शेजारी शेजारी आहेत, चुकीच्या दारात उभी राहिलीस तर बाजूच्या दारात सरक, एवढंच. पळून जायचं नाही आणि दारात तोंड लपवूनही उभं राहायचं नाही. हे वाक्य मी घरी येऊन बराच वेळ मनात घोळवलं. (मनवा, इथे थोडं थांब. मग पुढे वाच.)

आता खरी अडचण. मास्तरांकडे येत्या रविवारी संध्याकाळी, मागच्या अंगणात, सगळे शिष्य थोडं थोडं वाजवणार आहेत. वीस-पंचवीस माणसं, आणि जेवायला सॉर्पोटेल, त्यांचं ते पोर्कचं कालवण. मास्तरांनी विचारलं आणि माझ्या डोक्याच्या आधी तोंडाने हो म्हटलं. मास्तर त्या दिवशी पाहुण्यांत असणार, म्हणजे दोन्ही हात माझे मलाच वाजवायचे. आणि ताई, माझा डावा हात चालतच नाही. एकटा असला तर शहाण्यासारखा बारा घरं फिरतो. उजव्याने मनाने काही सुरू केलं की हा जागच्या जागी थांबतो आणि त्याचं तोंड बघत बसतो. रमाकांत बाहेर पेपर वाचता वाचता म्हणाला, "लतिका, तुझा डावा हात सरकारी नोकरीत आहे. दुसरा काम करताना दिसला की हा पेन खाली ठेवतो." चाळीस वर्षं मंत्रालयात काढलेल्या नवऱ्याने हे म्हणावं. मी त्याला त्या दिवशी दुसरा चहा दिला नाही.

उपाय सगळे करून झाले. डाव्या हाताने भाजी ढवळून पाहिली. डाव्या हाताने मोजत, उजव्या हाताने कणीक मळली, तर कणकेत चार माहेरची घरं पडली आणि पोळी एकही गोल झाली नाही. तोंडाने 'मावशी, मावशी, माहेर, माहेर' म्हणत वाजवलं तर खालच्या मजल्यावरच्या लेलेबाई वर येऊन विचारून गेल्या, कुणी गेलं का.

आणि मग परवा पट्ट्या पुसताना माझ्या लक्षात आलं. माझा डावा हात अडाणी आहे, कारण त्याला कधी कामच पडलं नाही. आपण त्या एका बाकावर बसायचो. तू मोठी, म्हणून तू डाव्या बाजूला, खालचे सूर तुझे. मी उजवीकडे, गाणं माझं. तुझं ते ठाम, न चुकणारं ढम्‌-ढम्‌ बाजूला चालू असायचं, त्यामुळे मी वर काय वाटेल ते करायची आणि लोक म्हणायचे, धाकटी काय छान वाजवते! तुला कुणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. तू बाकाखालून माझ्या पायावर पाय ठेवून ताल द्यायचीस, आणि मी पुढे पळाले की दाबायचीस. त्या पायाचं वजन मला अजून आठवतं. गेल्या महिन्यात मास्तर माझ्या डावीकडे बसून नुसती बारा घरं वाजवत होते तेव्हा मी पहिल्यांदा खरंच मनाने वाजवलं. दोन-तीन फेऱ्या कुठून काय आलं मला माहीत नाही, आईचं पोळ्या लाटतानाचंही काहीतरी त्यात आलं. थांबले तेव्हा डोळे भरलेले होते आणि डावीकडे बघितलं तर तिथे मिश्या असलेला माणूस. मला क्षणभर फार विचित्र वाटलं.

असो. काही मागायला लिहिलेलं नाही. तुला करमणूक व्हावी, एवढंच. औषधं वेळेवर घे, विनीतला चष्मा भरून दे, मनवाशी चांगलं वाग. ती माझ्याशी खोटं बोलताना लाल होते, म्हणजे मुलगी चांगली आहे. उन्मेषला आशीर्वाद, तुला पुन्हा एकदा कागदी साष्टांग.

तुझी,
लतिका

ता. क. लाडूंचा डबा परत पाठवायची घाई नाही. पण तो स्टीलचा आहे आणि झाकणावर सासूबाईंचं नाव आहे, तेव्हा घाई नाही म्हणजे अगदीच नाही असं नाही.

ता. क. दुसरा. मी म्हटलं काही मागायचं नाही, ते डब्याच्या आधी म्हटलं होतं. ताई, रविवारी माझ्या डाव्या बाजूला बस. बारा घरांना डावा हातच लागतो, उजव्याला त्यात काम नाही, तो मांडीवर ठेवायचा. मास्तरांनी विचारलं की बाकावर दुसरं कोण, तर मी तुझं नाव देऊन बसले आहे. परवा बुधवारी चार वाजता तालीम. टॅक्सी घेऊन मी दोन वाजता शीवला येईन. त्या वेळी तू झोपलेली असलीस तर मी खाली टॅक्सीत बसून राहीन, मीटर चालू ठेवून. अंगणात जे येतील ते आपापले बोंबील, आपापले गुडघे आणि आपापली कवळी घेऊन येणारे लोक आहेत. तुझ्याकडे बघायला कुणाला सवड नाही. आणि चुकलीस तर बाजूच्या दारात सरकायचं.

ता. क. तिसरा, फक्त मनवासाठी. बाळ, हा ताईला वाचून दाखवू नकोस. माझा डावा हात गेल्या बुधवारपासून चालतो. फार सुरेख नाही, पण बारा घरं फिरून, उजव्याला घेऊन, न थांबता घरी परत येतो. मास्तरांना माहीत आहे, रमाकांतलाही. दोघांनी गप्प राहायचं कबूल केलं आहे. एकटीने वाजवलं तर रविवारी लोक टाळ्या वाजवतील आणि मी सॉर्पोटेल खाऊन घरी येईन. पण मला ते तसं नको आहे. तिची ती निळी साडी आणि सैलशा बाह्यांचा ब्लाऊज काढून ठेव, आणि बुधवारी लिफ्टपर्यंत तिच्याबरोबर ये. पुढचं मी बघते.

(ताई, मनवा एकदम गप्प झाल्यावर तू पत्र तिच्या हातातून ओढून घेतलं असणार आणि आता हलणारी अक्षरं एकेक करून, डोळे बारीक करून लावते आहेस. ओढलंस कुठल्या हाताने ते मला माहीत आहे. रागाव हवं तर. टॅक्सीत रागाव, शीव ते गिरगाव भरपूर वेळ मिळतो. दोन वाजता.)